'पंप गेला' म्हणण्यापूर्वी

एप्रिल-मे महिन्यात रान मोकळे होते. रब्बीचे पीक घरात आलेले असते, उकिरड्यावर वर्षभराचे शेणखत साठलेले असते आणि वळवाच्या पावसाने चिखल करण्याच्या आत ते रानात पोहोचवायचे असते. पूर्वी हे काम फावडी-घमेल्यांनी होई. आता घमेली उचलणारी माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तरी मजुरी परवडत नाही. मग गावातला एखादा वीस-तीस वर्षांचा, नांगरटीच्या दृष्टीने निवृत्त झालेला ट्रॅक्टर पुढून लोडर बसवून या कामाला जुंपला जातो. शेणखत, मुरूम, तळ्यातला गाळ, काय हवे ते तो ट्रॉलीत भरून देतो. आणि ऐन गर्दीच्या दिवसांत, भर दुपारी, भरलेली बकेट जमिनीपासून वीतभर वर येते आणि तिथेच थांबते. मिस्त्री बोलावला जातो. तो लीव्हर दोनदा मागेपुढे करतो, क्षणभर कान देतो आणि निकाल सांगतो, "मालक, पंप गेला!"

हे निदान कधी कधी खरेही असते. पण जे सगळ्यात शेवटी म्हणायचे, ते सगळ्यात आधी म्हटले जाते, हा त्यातला दोष. हायड्रॉलिकच्या साऱ्या पसाऱ्यात पंप ही बहुधा सर्वांत महाग वस्तू आणि जुन्या ट्रॅक्टरांत तिच्यापर्यंत पोहोचणेही सर्वांत कष्टाचे. पंप बदलला जातो, हजारो रुपये जातात, चार-पाच दिवस जातात आणि नव्या पंपानेही बकेट वीतभरच उचलली जाते. कारण दोष होता तो चोंदलेल्या जाळीत, सैल झालेल्या एखाद्या क्लिपमध्ये नाहीतर व्हॉल्व्हखाली अडकलेल्या कचऱ्यात. शेतकऱ्याचे नुकसान यंत्राच्या म्हातारपणामुळे होते त्याहून अधिक या उलट्या क्रमामुळे होते.

नांगरासाठी घडवलेली ताकद

जुन्या ट्रॅक्टरला लोडर का जड जातो हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. ट्रॅक्टरच्या मागे आज आपण जी तीन सांध्यांची लिफ्ट सर्वत्र पाहतो, ती उत्तर आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसन या विलक्षण माणसाची देणगी. 31 डिसेंबर 1909 रोजी स्वतः बांधलेल्या विमानातून आयर्लंडच्या भूमीवर पहिले उड्डाण करणारा हा गृहस्थ पुढे नांगराच्या मागे लागला. नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढायचा नाही, तर तो ट्रॅक्टरचाच अवयव झाला पाहिजे आणि तेलाच्या दाबाने वर-खाली झाला पाहिजे, ही त्याची कल्पना. 1936 मध्ये या पद्धतीचा ट्रॅक्टर बाजारात आला. 1938 मध्ये हेन्री फोर्डशी त्याने लेखी कागद न करता, नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि 1939 मध्ये अमेरिकेत त्यातून फोर्डचा 'नाइन-एन' निघाला. पुढे फोर्डच्या वारसांशी बिनसले, खटला झाला आणि 1952 मध्ये 92 लाख 50 हजार डॉलर घेऊन फर्ग्युसनने तो मिटवला. भांडणाच्या मुळाशी जी पेटंटे होती, त्यांत पंपात शिरणारे तेल आत येतानाच नियंत्रित करण्याची त्याची युक्तीही होती.

1946 पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार झालेला त्याचा लहानसा करडा 'टीई-20' पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडला. 1953 मध्ये मॅसी-हॅरिस कंपनीशी विलीनीकरण झाले आणि मग आला मॅसी फर्ग्युसन 35. मद्रासमध्ये 1960 साली स्थापन झालेल्या 'टॅफे'ने याच घराण्याचा 1035 आपल्याकडे आणला. महाराष्ट्रातल्या कित्येक वाड्यावस्त्यांवर 'मॅसी' म्हणून जो ट्रॅक्टर ओळखला जातो, त्याचे कूळ हे असे.

या इतिहासातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की ही ताकद नांगरासाठी घडवली होती. तासाच्या टोकाला आल्यावर नांगर उचलायचा, वळायचे आणि पुन्हा टेकवायचा. एक-दोन सेकंदांचे काम आणि मग विश्रांती. लोडरचे काम याच्या नेमके उलटे. दिवसभर, मिनिटाला दोन-तीन वेळा उचल, उलट, खाली घे. इंग्लंडमध्येच जोसेफ सिरिल बॅमफर्डने 1949 मध्ये फोर्डसन मेजर ट्रॅक्टरसाठी हायड्रॉलिक लोडर काढला. त्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे आज आपल्या खेड्यापाड्यांत सामान्यनाम होऊन बसलेला 'जेसीबी'. पण बॅमफर्डची यंत्रे पुढे याच कामासाठी घडत गेली. आपला जुना मॅसी मात्र नांगराच्या हिशेबाने घडला आणि लोडर त्याच्या गळ्यात नंतर पडला. त्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

दाब उचलतो, प्रवाह पळवतो

हायड्रॉलिकचे गणित भीतीदायक नाही. पंप तेल ढकलतो, व्हॉल्व्ह त्याला वाट दाखवतो, सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि बकेट उचलली जाते. यात दोनच आकडे महत्त्वाचे: तेलाचा दाब आणि तेलाचा प्रवाह. समजा सिलिंडरचा आतला व्यास 50 मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ 20 चौरस सेंटिमीटरच्या किंचित आत भरते. वर्कशॉपच्या भाषेत 140 किलोचा दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 140 किलो, मिळाला तर एक सिलिंडर सुमारे पावणेतीन टनांनी ढकलतो आणि दोन मिळून साडेपाच टनांनी. लोडरच्या भुजा लांब असल्यामुळे बकेटपर्यंत यातला थोडाच भाग पोहोचतो. पण ट्रॉली भरायला तो पुरतो.

आता प्रवाह पाहा. दोन्ही सिलिंडरांचे दांडे अर्धा मीटर बाहेर काढायला सुमारे 2 लिटर तेल लागते. पंप मिनिटाला 20 लिटर देत असेल तर बकेट 6 सेकंदांत वर जाईल. 12 लिटर देत असेल तर 10 सेकंद लागतील. म्हणजे वजन किती उचलले जाईल हे दाब ठरवतो आणि किती वेगाने, हे प्रवाह ठरवतो.

एवढे लक्षात ठेवले की तक्रारीची उलटतपासणी करता येते. 'उचलत नाही' या दोन शब्दांत तीन वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. बकेट रिकामी असतानाही सावकाश चढते का? मग पंपाकडे तेल पुरेसे येत नाही किंवा पंप पुरेसा फिरत नाही. रिकामी झपकन चढते आणि भरली की अडते का? मग प्रवाह आहे, पण दाब टिकत नाही. तेल कुठेतरी आतल्या आत पळवाट काढते आहे. उचलली जाते, पण वर ठेवली की हळूहळू खाली बसते का? मग पंपाचा त्यात संबंधच नाही. दोष व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यात आहे. एक घड्याळ आणि एक भरलेली बकेट, एवढ्या सामग्रीवर अर्धे निदान होते.

सकाळ आणि दुपार

चौथा प्रश्न वेळेचा. सकाळी थंड असताना लोडर कण्हतो आणि तासाभराने सुरळीत होतो, असे असेल तर तेल प्रमाणाबाहेर जाड आहे किंवा त्याची पंपाकडे जाणारी वाट अरुंद झाली आहे. उलट सकाळी उत्तम आणि दुपारी ढिला, असे असेल तर ते झिजेचे लक्षण. तेल तापले की पातळ होते आणि झिजलेल्या फटींतून सहज निसटते. मात्र ही झीज पंपाचीच असेल असे नाही. व्हॉल्व्हची किंवा सिलची असू शकते. तेव्हा 'पंप गेला' हे अजूनही म्हणायचे नाही.

आधी तेल पाहायचे. बकेट जमिनीवर टेकवून, सिलिंडरचे दांडे आत घेऊन, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पातळी बघायची. बकेट वर असताना पातळी पाहणे म्हणजे माणसे बाहेर गेलेली असताना घरातली डोकी मोजणे. मॅसीसारख्या ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शिअल आणि लिफ्ट यांचे तेल एकाच पोटात असते. लोडरला तेल तिथूनच घेतले असेल, तर दांडे बाहेर आले की ते दोन-तीन लिटर पोटातून कमी होतात. आधीच पातळी खाली असली तर पंप अशा वेळी हवा ओढू लागतो.

तेलाचा रंगही बोलतो. ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी आहे. गिअर लीव्हरच्या फाटक्या रबरातून पावसाचे पाणी सहज आत जाते. फेस दिसला तर हवा. काळपट आणि जळका वास आला तर तेल फार काळ तापत राहिले आहे. पाणी शिरलेले तेल बदलायचेच. नुसती भर टाकून भागत नाही. कोणते तेल घालायचे हे ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये असते आणि तिथे लिहिलेले तेच घालायचे. इंजिनातून काढलेले तेल 'अजून चांगले आहे' म्हणून हायड्रॉलिकमध्ये ओतण्याची काटकसर फार महागात पडते.

मग जाळी. तळाशी असलेल्या गाळणीत गिअरची झीज, सिलचे तुकडे, जुन्या तेलाचा चिकटा साठतो. ज्यांच्या लोडरला वेगळी टाकी आणि पुढे क्रँक पुलीवरून चालणारा वेगळा पंप आहे, त्यांनी टाकीपासून पंपाकडे जाणारा पाइप तपासावा. जुना रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो. आतला थर मात्र सुटून ओढीसरशी आत चिकटतो आणि वाट बंद करतो. याच पाइपच्या क्लिपा सैल असल्या तर हवा शिरते. गंमत अशी, की इथून तेल गळत नाही. कारण इथे दाब नसून ओढ असते. जिथे संशय येईल त्या सांध्यावर ग्रीसचा जाड लेप द्यावा. पंपाचे किंचाळणे तेवढ्याने कमी झाले तर चोर सापडला.

आणि हे सारे करण्यापूर्वी एक सोपी गोष्ट. जुन्या मॅसीचा हायड्रॉलिक पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओचा लीव्हर निसटून बाहेर आला असेल तर पंप फिरतच नाही. लीव्हर पुन्हा गुंतवला की 'गेलेला' पंप परत येतो.

तेल सोपी वाट धरते

माणसाप्रमाणे तेलालाही सोपी वाट आवडते. लोडरला तेल मागच्या लिफ्टच्याच मार्गातून घेतले असेल आणि तो मार्ग नीट बंद केलेला नसेल, तर आधी मागच्या रिकाम्या भुजा उचलल्या जातात आणि मग बकेटचा नंबर लागतो. मागच्या लिफ्टच्या सिलिंडरचे सिल गेले असेल तर पुढच्या लोडरचा दाब तिथून पळून जातो. दुखणे मागे आणि लंगडणे पुढे! म्हणून अशा जोडणीत मागची लिफ्ट नुसत्या हायड्रॉलिकवर किती उचलते आणि धरून ठेवते, हे आधी पाहावे.

इथपर्यंत काही सापडले नाही, की मग दाबमापक लावायचा. या गेजची किंमत पंपाच्या किमतीपुढे किरकोळ. तरीही बहुतेक गॅरेजांत ते नसते आणि असले तरी खोक्यात पडून असते. पंपाकडून येणाऱ्या मार्गात टी जोडून गेज बसवावे, बकेट पूर्ण वर न्यावी आणि लीव्हर क्षणभर, दोन-तीन सेकंदच, धरून ठेवावा. मॅन्युअलमधला आकडा दाखवला तर पंपाला निर्दोष सोडून द्यावे. आकडा कमी आला तर पुढचा संशयित रिलीफ व्हॉल्व्ह. दाब प्रमाणाबाहेर गेला की तेलाला परतीची वाट करून देणारी ही झडप. तिच्या बैठकीत लोखंडाचा एक कण अडकला, तरी ती कायमची किलकिली राहते आणि दाब कधी चढतच नाही. ती काढून, धुऊन, स्प्रिंग तपासून परत बसवणे हे तासाभराचे काम.

पण याच ठिकाणी एक घातक युक्ती चालते. स्प्रिंगमागे एक वॉशर घातला, की झडप उशिरा उघडते, दाब वाढतो आणि बकेट जोरात उचलली जाते. मालक खूश होतो. काही दिवसांनी होज फुटतो, पंपाची बॉडी तडकते किंवा लोडरच्या भुजा बसवलेल्या जागी ट्रॅक्टरच्या ओतीव लोखंडाला चीर जाते. आजार तसाच ठेवून ताप मोजायचे यंत्र बिघडवण्यासारखे हे आहे. त्याहून धोक्याचे म्हणजे तपासणीसाठी पंपाचे तोंड रिलीफ व्हॉल्व्हच्या आधीच बंद करून पाहणे. दाबाला वाटच राहिली नाही तर काहीतरी फुटणारच.

रिलीफ व्हॉल्व्ह स्वच्छ आहे, तेल उत्तम आहे, जाळी साफ आहे, मागची लिफ्ट वेगळी केली आहे, तरीही दाब चढत नाही, आणि तेल तापल्यावर आणखी उतरतो. आता, आणि आताच, म्हणावे की पंप गेला. मॅसीमध्ये त्यासाठी वरचे लिफ्ट कव्हर उतरवावे लागते. ते उतरवल्यावर पोट मोकळे दिसते, तेव्हा गाळ काढून, जाळी धुऊन, जुन्या ओ-रिंगा बदलूनच ते परत बसवावे.

सिलवर आलेला आळ

बकेट वर थांबत नाही, खाली बसत जाते, या तक्रारीवर ठरलेले औषध म्हणजे सिलिंडरचे सील किट. पण इथे एक शास्त्रीय गंमत आहे. दोन्ही बाजूंनी तेल घेणाऱ्या सिलिंडरमध्ये दट्ट्याचे सिल गळले तरी तेल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाईल, एवढेच. दांडा आत सरकायचा तर त्याच्या जाडीएवढ्या तेलाला बाहेर जायला जागा हवी. ती जागा व्हॉल्व्हने दिली नाही, तर बकेट किंचित बसून थांबते. ती सतत खाली येत राहत असेल तर व्हॉल्व्हचा झिजलेला स्पूल किंवा बाहेरची गळती यांच्याकडेही पाहायलाच हवे. सील किट दोनदा बदलूनही बकेट बसते, तेव्हा याचेच उत्तर मिळालेले नसते.

सिलची खात्री अशी करावी. भुजांना खालून भक्कम आधार द्यावा, दांडे पूर्ण बाहेर काढावेत, इंजिन बंद करून लीव्हर मागेपुढे हलवून दाब मोकळा करावा. मग दांड्याच्या बाजूचा होज काढून त्याचे तोंड बूच लावून बंद करावे. इंजिन मंद ठेवून लीव्हर उचलण्याच्या बाजूला क्षणभर द्यावा. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून तेलाची धार चालूच राहिली तर सिल गेले. दोन-चार थेंबांवर थांबले तर सिल निर्दोष. सिल बदलताना दांड्यावरून नख फिरवावे. क्रोमला खड्डे पडलेले असतील तर ते नवे सिलही आठवडाभरात कापतील. काम संपल्यावर दांडे आत घेऊन ट्रॅक्टर उभा करण्याची सवय त्यासाठीच हवी.

हात आणि पुठ्ठा

पैशाच्या नुकसानीबद्दल इतके बोललो. पण लोडर माणसेही खातो. वर उचललेल्या भुजांखाली आधाराशिवाय कोणी जाऊ नये, क्षणभरही नाही. वरचे शेकडो किलो लोखंड फक्त एका रबरी नळीतल्या तेलावर तोललेले असते.

दुसरा धोका दिसत नाही. होजला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, की त्यातून निघणारी तेलाची बारीक फवार कातडी भेदून आत शिरते. गळती कुठे आहे हे पाहायला हात फिरवणे ही आपली जुनी खोड. सुरुवातीला मुंगी चावल्यासारखे वाटते, ठिपक्याएवढी जखम दिसते आणि माणूस हात पुसून कामाला लागतो. काही तासांत हात सुजतो, आतले मांस मरू लागते आणि बोट किंवा हात कापण्याची पाळी येऊ शकते. अशा माणसाला त्याच वेळी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि 'दाबाचे तेल आत गेले आहे' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायला हात नको, पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

तिसरी गोष्ट तोलाची. पुढे भरलेली बकेट आली की मागची चाके हलकी होतात. मागे पुरेसे वजन बांधल्याशिवाय आणि बकेट जमिनीलगत ठेवल्याशिवाय भरला लोडर घेऊन उतारावर जाऊ नये.

एक वही पुरे

जुने ट्रॅक्टर आपल्या शेतीतून इतक्यात जाणार नाहीत. नव्याची किंमत पेलत नाही म्हणून ते आहेत, आणि नीट राखले तर आणखी कित्येक वर्षे काम देतील. त्यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. एक वही लागते. लोडर धडधाकट असताना रिकामी बकेट किती सेकंदांत चढते, भरलेली किती सेकंदांत, सकाळी किती आणि दुपारी किती, गेजवर दाब किती, तेल कधी बदलले, जाळी कधी धुतली, एवढे तिच्यात लिहून ठेवावे. सहा सेकंदांचे आठ झाले, की यंत्राने तक्रार नोंदवली असे समजावे. आठाचे बारा होईपर्यंत वाट पाहू नये.

गावोगावच्या मिस्त्रींच्या कानात आणि हातात मोठे शहाणपण आहे. कुठल्याही पुस्तकाशिवाय त्यांनी ही यंत्रे तीन-तीन पिढ्या चालवली आहेत. त्या शहाणपणाला एका गेजची आणि एका क्रमाची जोड हवी, इतकेच. आधी तेल, मग जाळी, मग हवा, मग व्हॉल्व्ह, मग सिल आणि सर्वांत शेवटी पंप. स्वस्तापासून महागाकडे आणि बाहेरून आत. मालकानेही मिस्त्रीला 'किती खर्च येईल' हे विचारण्याआधी 'काय काय तपासलंत' हे विचारायला हरकत नाही. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.